रेडिएशनने खराब झालेल्या पेशी शरीर स्वतः दुरुस्त करतं का? किती वेळ लागतो?

हो, करतं, आणि बरंचसं काम काही तासांत उरकतं. पण याच गोष्टीवरून आमच्या घरात मोठं भांडण झालंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता, लाईट (म्हणजे रेडिएशन) चालू होते, सोमवार ते शुक्रवार रोज. मामाचं म्हणणं, दोन मिनिटांचं काम तर एकदाच काय ते जास्त देऊन मोकळं का करत नाहीत, रोज बोलावून बिल वाढवतात. त्यात मधेच त्याच्या मुलीचं लग्न आलं, तर म्हणे आठवडाभर बंद ठेवू, ताईला गावी आणू, अंगात जरा ताकद येईल, उरलेले नंतर घेता येतील. मी भर बैठकीत नाही म्हटलं. चार बुकं शिकली म्हणून मोठ्यांना शिकवते, हे ऐकून घेतलं, मावशीने बोलणं टाकलं.

रोजचा डोस साधारण 2 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) असतो. डीएनएला दोन धागे असतात; 1 ग्रेला एका पेशीत 1000 च्या आसपास ठिकाणी त्यातला एकच धागा तुटतो आणि 20 ते 40 ठिकाणी दोन्ही. एक तुटला तर समोरचा बघून भरता येतो. दोन्ही तुटले की एटीएम नावाचं प्रोटीन इशारा देतं, पी53 हे दुसरं प्रोटीन पेशीचं विभाजन थांबवतं आणि मग तुटलेली टोकं तशीच जोडली जातात (पटकन होतं पण चुका राहतात), नाहीतर डीएनएची दुसरी प्रत तयार असेल तर ती बघून नीट दुरुस्ती होते, बीआरसीए जीन्सचं काम हेच. फारच नुकसान असेल तर पेशी स्वतःच मरते.

चांगल्या पेशी यातलं बरंचसं 6 तासांत करतात, म्हणून दिवसातून दोनदा द्यायचं झालं तरी मधे निदान तेवढं अंतर ठेवतात. कॅन्सरच्या पेशीत ही शिस्त बिघडलेली असते. आईच्या प्रकारात तर बहुतेक वेळा एचपीव्ही व्हायरसचं ई6 प्रोटीन पी53 ला संपवूनच टाकतं, मग पेशी तुटके क्रोमोसोम घेऊन विभागायला जाते आणि त्यात मरते. रोजचा हा थोडा थोडा फरक साठत जातो. एकदाच सगळं दिलं असतं तर शेजारचं आतडं आणि मूत्राशय पण गेलं असतं मामा!

आणि आठवडाभर बंद ठेवलं की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी वाढायला मोकळ्या. म्हणून या कॅन्सरला आतून द्यायचं रेडिएशन धरून सगळं 8 आठवड्यांत संपवायचा आग्रह असतो, लांबलं की गुण कमी येतो. आई लग्नाला गेली नाही, ट्रीटमेंट वेळेत झाली.

आता, दुरुस्ती शंभर टक्के होत नाही हेही खरं, काळी पडलेली कातडी भरून येते पण आतड्याचा त्रास वर्षांनंतरही निघू शकतो. ब्रेस्टला हल्ली 15 लाईटमध्ये, काही ठिकाणी 5 मध्येही संपवतात, तेव्हा दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. रक्त कमी झालं म्हणून डॉक्टरांनीच थांबवलं तर ते वेगळं. तुम्ही साध्या एक्स-रेबद्दल विचारत असाल तर तो डोस यापेक्षा हजारो पटींनी कमी असतो, काळजी करू नका.

पण घरात कोणाचे लाईट चालू असतील तर नातेवाईकांनी सल्ले देण्यापेक्षा रोजच्या गाडीचं बघावं, आणि गावी न्यायचंच असेल तर शेवटचा लाईट झाल्यावर न्यावं.