ओव्हर घेताना

प्रिय मुली,

परवा फोनवर तू म्हणालीस, "सारखं विचारावं लागतं, सगळ्यांना वाटत असेल हिला काही येत नाही." ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

विचार, खुशाल विचार. आपल्या नर्सिंगच्या कामात निम्मी माहिती माणसांकडूनच मिळते. पण विचारायचंही एक वळण असतं, ते मला फार महागात पडून कळलं.

नोकरीला वर्षही झालं नव्हतं. पावसाळ्याचे दिवस, लेप्टो-मलेरियाच्या पेशंटनी वॉर्ड भरलेला, जमिनीवरही गाद्या टाकलेल्या. एका काकांना रात्रीच्या जेवणाआधी १० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. वॉर्डातलं संपलेलं, म्हणून मुलाने बाहेरच्या केमिस्टकडून बाटली आणली. मी सीनिअरला विचारलं, "किती ओढू?" ती दुसरीकडे सलाईन लावत होती. मान न वळवता म्हणाली, "दहाच्या खुणेपर्यंत, नेहमीसारखं." मी दिलं. काकांनी जेमतेम दोन घास खाल्ले. दीड-दोन तासांत घामाने निथळले, हात कापायला लागले, बोलणं अडखळलं. शुगर ४६! २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, शिरेतून गेलं तेव्हा कुठे त्यांनी मला ओळखलं.

बाटली १०० ची होती, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, आणि सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे मिलिलिटरला ४० युनिटवाल्या इन्सुलिनची. दहाच्या खुणेला २५ युनिट गेले. १०० च्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. लेबलवर आकडा ठळक छापलेला होता, मी वाचला नव्हता. तिने तिच्या आठवणीतल्या बाटलीचं उत्तर दिलं. समोरची बाटली तिच्या डोळ्यांपुढे धरून विचारायला हवं होतं.

तेव्हापासून औषधाच्या खोक्यातला तो माहितीचा घडीचा कागद मी कधी फेकला नाही. फेनिटॉइन हे फिटचं औषध डेक्स्ट्रोजमध्ये घातलं तर साका धरतं, नॉर्मल सलाईनच लागतं, हे मी त्यावरच वाचलं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक चालू असेल तर त्याच लाइनला रिंगर लॅक्टेटचं सलाईन नको, हेही. पोटॅशियम क्लोराईडचं मात्र वाचून विसरायचं नाही: ते थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, ज्येष्ठ डॉक्टर घाई करत असले तरी. मोबाइलवर शोधणार असशील तर मूळ औषधाच्या नावाने शोध. ब्रँडच्या नावात एका अक्षराने औषध बदलतं. फोनवर ऑर्डर मिळाली तर लिही, लिहिलेलं त्यांना वाचून दाखव, मगच फोन ठेव.

आणि वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशींचं ऐक गं. एकदा सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे रात्रपाळीकडून पेशंटची माहिती ताब्यात घेताना, मला सांगितलं गेलं, "तीन नंबरच्या आजी, काही विशेष नाही." फरशी पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "रातभर आजीचं भांडं कोरडंच हाय, सिस्टर." चार्टवर लघवीचा रकाना रिकामा होता, आणि रिकाम्या रकान्याकडे आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं. पोटावर हात ठेवला तर ओटीपोट तटतटलेलं. अर्ध्या तासात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातली. म्हणून सांगते, ओव्हर बेडपाशी उभं राहून घे, टेबलाशी बसून नको. लोकल चुकली तर चुकू दे.

आझमगढहून आलेला पेशंट "बीपी की गोली खाता हूँ" म्हणाला की तेवढ्यावर लिहू नकोस. नातेवाइकांकडे एक प्लास्टिकची पिशवी असतेच. ती कॉटवर रिकामी करायला सांग, एकेक पट्टी उलटून वाच. बीपीच्या गोळीशेजारी कधी रक्त पातळ करणारी गोळी निघते, आणि सकाळी ऑपरेशन असतं.

सोबत माझी जुनी वही पाठवते आहे. तीतले डोस फार जुने आहेत, त्यावरून काही देऊ नकोस, वॉर्डातल्या यादीशी ताडून बघ. पहिल्या पानावर त्या बाटलीचं लेबल चिकटवलंय.

तुझी,
ताई