'फॉल्टी टॉवर्स' आजही एवढी का आवडते?

तुम्ही विचारलंय की १९७५ साली बीबीसीवर सुरू झालेली, जेमतेम १२ भागांची ही मालिका लोक अजून पुन्हा पुन्हा का बघतात, जुन्या आठवणींपोटी का? मला तसं वाटत नाही. तेव्हा जन्मही न झालेली माणसं ती बघताना पोट धरून हसतात. खरी जादू लेखनात आहे. तिथे एकही विनोद सुटा येत नाही, आधीच्या कुठल्या तरी थापेतूनच पुढचा निघतो.

इंग्लंडमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावात बॅसिल फॉल्टी आणि त्याची बायको सिबिल एक छोटं हॉटेल चालवतात. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात तिथे मिसेस रिचर्ड्स उतरतात. त्यांना कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण बॅटरी संपेल म्हणून त्या ते बंदच ठेवतात! खिडकीतून दिसणारं दृश्य त्यांना पसंत नाही. बॅसिल उसळून विचारतो, टॉर्कीच्या हॉटेलातून काय दिसायला हवं होतं, सिडनीचं ऑपेरा हाऊस?

इथवर नुसती हमरीतुमरी. पण बॅसिलने सिबिलच्या नकळत घोड्यावर पैसे लावलेत आणि घोडा जिंकलाय. ते पैसे बायकोपासून लपवायचे म्हणून तो मॅन्युएल या स्पॅनिश वेटरला दटावतो, तुला यातलं काहीएक माहीत नाही. पुढे मिसेस रिचर्ड्सचे पैसे गायब होतात, संशय बॅसिलजवळच्या नोटांवर येतो, आणि आता तो मॅन्युएललाच विनवतो, सांग बाबा, हे पैसे कुठून आले. मॅन्युएल अभिमानाने म्हणतो, "मला काहीएक माहीत नाही!"

बिचाऱ्याने सांगितलं तेवढंच इमानेइतबारे केलं. ही वीण मला दर वेळी थक्क करते. उत्तर काय येणार हे पाठ असूनही हसू आवरत नाही, कारण मजा बॅसिलचा चेहरा पडताना बघण्यात आहे.

आणि बॅसिलला कुणी खलनायक छळत नाही. तो श्रीमंतांपुढे लाळ घोटतो, साध्या गिऱ्हाइकांवर खेकसतो, बायकोला टरकतो. पहिल्याच भागात लॉर्ड म्हणवणाऱ्या भामट्यापुढे तो कसा वाकतो बघा. चारचौघांत मोठं दिसायची ही हौस कुठल्या गावात नसते? प्रुनेला स्केल्सची सिबिल नुसतं "बॅसिल!" म्हणून हाक मारते आणि आपल्याच पोटात गोळा येतो.

जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या नवराबायकोने ही मालिका लिहिली, दोघांनी तीत कामंही केली; बॅसिल म्हणजे क्लीजच. १९७५ चे ६ भाग आणि १९७९ चे ६, यांच्या मधे त्यांचा घटस्फोट झाला, तरी दुसरं पर्वही दोघांनी मिळूनच लिहिलं. एकेका संहितेवर ते कित्येक आठवडे घालवत. मालिका लोकप्रिय असतानाच थांबले, हे मला फार मोलाचं वाटतं. पाणी घालून वाढवलेला एकही भाग नाही.

सगळं आज रुचेल असं मात्र नाही. मॅन्युएलला होणारी मारहाण आणि हॉटेलात कायम मुक्काम ठोकलेल्या म्हाताऱ्या मेजरचे काही वर्णद्वेषी शब्द खटकतात, मलाही खटकतात. पण अँड्र्यू सॅक्सने मॅन्युएलला ज्या निरागसपणे उभं केलंय, त्यामुळे सहानुभूती कायम त्याच्याच बाजूने राहते.

पहिल्यांदाच बघणार असाल, तर मिसेस रिचर्ड्सच्या भागापासून सुरुवात करा आणि मधे फोनकडे बघू नका. एक वाक्य हुकलं तर शेवटच्या पाच मिनिटांतली अर्धी गंमत हातची जाते.