जुन्या लिथियम बॅटऱ्या: यंत्र आधी की माल आधी?

या महिन्यातल्या टपालात पुन्हा तोच सूर आहे: जुन्या बॅटऱ्यांत सोनं आहे, प्लांट टाकू का?

भंगाराचं दुकान आहे. इ-रिक्षाच्या लिथियम बॅटऱ्या घेऊन फोडू का? (भोसरी)

फोडू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे रिसायकलर म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. आधी मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन या.

व्हिडिओत सांगतात, मिठाच्या पाण्यात बुडवली की बॅटरी 'मरते'. खरं का?

व्हिडिओ बघून कारखाना चालत नाही. मिठाच्या पाण्यात आधी टर्मिनल गंजतं. मग मीटरवर शून्य दिसतं, पण आत चार्ज शिल्लक असतो. शिवाय हायड्रोजन निघतो आणि घाण पाणी तुमच्या गळ्यात पडतं. डिस्चार्जची रीत जाणत्या इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

सल्लागाराने डीपीआर (प्रकल्प अहवाल) दिलाय: रोज 10 टन, तीन वर्षांत पैसे वसूल. जागा घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

थांबा. डीपीआरमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव कुठल्या महिन्याचा धरलाय? नोव्हेंबर 2022 मध्ये चीनमध्ये तो टनाला सुमारे सहा लाख युआन होता. 2024 उजाडेपर्यंत लाखाच्या आसपास आला. तेजीतला भाव धरला की कुठलाही प्रकल्प तीन वर्षांत फिटतो.

दुसरं, रोजचे 10 टन देणार कोण? गाडीतून उतरलेला पॅक थेट तुमच्या दारी येत नाही. कुणी सोलरला जोडतो, कुणी चांगले सेल काढून विकतो, उरलेलं भंगारवाला जास्त पैसे देईल त्याला जातं.

तिसरं, येईल तो माल कुठला? लिथियम बॅटऱ्यांचे दोन मुख्य प्रकार: एनएमसी आणि एलएफपी. एनएमसीमध्ये निकेल-कोबाल्ट असतं. एलएफपीमध्ये दोन्ही नाही. त्याच्या 100 किलो कॅथोड (धन टोकाच्या) पावडरीत लिथियम जेमतेम साडेचार किलो, बाकी लोह, फॉस्फेट. एका शेडमध्ये श्रेडर (बॅटऱ्यांचे तुकडे करणारं यंत्र) ताडपत्रीखाली झाकलेला मी पाहिलाय, वर कबुतरांची शिट. अंगणात एलएफपीचे पॅक छातीइतके रचलेले, आणि मालक गिऱ्हाइकाला फोन लावतोय. यंत्र निकेलच्या हिशेबावर घेतलं होतं.

यंत्रवाले '95 टक्के रिकव्हरी' सांगतील. विचारा, 95 टक्के कशाचे? बहुतेकदा ब्लॅक मासमधल्या (सेल फोडून मिळणाऱ्या काळ्या पावडरीतल्या) धातूचे, आख्ख्या पॅकचे नव्हेत.

म्हणून जे मागे फिरवता येत नाही (जागा, रासायनिक प्लांट) ते उशिरा करा. जे बदलता येतं ते आज करा: गोळा करण्याची दोन-तीन ठिकाणं, पॅक उघडून वर्गवारी, फार तर श्रेडिंग, आणि ब्लॅक मास मोठ्या रिसायकलरला विकणं. खरेदीचा दर धातूच्या भावाला बांधा, म्हणजे भाव पडला तर सगळा फटका तुम्हालाच बसणार नाही. मग डीपीआरमध्ये माल निम्मा, एलएफपी बहुतांश आणि भाव पडलेला, हे तिन्ही एकदम घाला. तरीही बँकेचा हप्ता निघत असेल तर जागा बघा. हा ताळा सल्लागाराकडून नव्हे, तुमच्या सीएकडून करून घ्या.

ईपीआर सर्टिफिकेटचं (रिसायकलिंगबद्दल मिळणारं, बॅटरी उत्पादकांना विकता येणारं प्रमाणपत्र) उत्पन्न धरावं का?

वेगळ्या ओळीत धरा. तिथे शून्य घालूनही धंदा उभा राहतो का, ते बघा.

फुगलेले सेल कुरिअरने पाठवू का?

नाही. वेगळे, मोकळ्या जागी ठेवा आणि नोंदणीकृत रिसायकलरला फोन करा. आजच.