लोटेच्या केमिकल एमआयडीसीत इंटरव्ह्यू आहे ना, मग हे वाच

अरे रत्नागिरीवरून सकाळची एसटी पकडून दहाला लोटेला पोचतो म्हणतोयस, पण पावसाळ्यात हायवेचा काय भरवसा नाय, आदल्या दिवशीच चिपळूणला मावशीकडे मुक्काम टाक. मी माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला परशुराम घाटात अडकलो नि चिखलाने भरलेले बूट घेऊन पाऊण तास उशिरा पोचलो, साहेबांनी आधी बुटांकडेच बघितलं. केमिस्टची पोस्ट म्हणजे टायट्रेशन (थेंबथेंब द्रावण घालून आम्ल-अल्कलीचं प्रमाण काढणं) विचारणारच, त्यात रंग बदलून दाखवणारं फिनॉल्फथॅलीन पीएच ८.२ च्या आसपास गुलाबी व्हायला लागतं एवढं तरी तोंडावर पाहिजे. नसेल येत तर सरळ "नाही माहीत सर" म्हण, थापा नको मारू, समोरच्याने तिथे वीस वर्षं काढलेली असतात. आणि सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घाल रे, माझी भिजून एकमेकांना चिकटलेली. पगाराचं त्यांनी काढल्याशिवाय तू काढू नको.