शाळेत ॲडमिशनचं काम बघणाऱ्यांना नियम बदलल्याचं कळतं कसं?

मी ऑफिसात हेच काम करते, म्हणून सांगते. पहिली खबर येते ती केंद्रप्रमुखांच्या (म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर, पण तिथे जुने जीआरही, म्हणजे शासन निर्णयही, नवे म्हणून फिरतात. म्हणून पीडीएफ आली की आधी शेवटचं पान उघडायचं, तिथे सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष-महिना-तारीख, आणि तोच नंबर महाराष्ट्र शासनाच्या साइटवर टाकून बघायचा. शुद्धिपत्रक, म्हणजे त्या जीआरची दुरुस्ती, निघालंय का तेही बघायचं, हे बरेच जण विसरतात.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या, २५ टक्के जागांचंच बघा ना. फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचना आली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागा द्यायची गरज नाही, मे महिन्यात हायकोर्टाने तिला स्थगिती दिली आणि जुलैत ती रद्दच केली. म्हणजे ज्यांनी फक्त फेब्रुवारीचा कागद फाइलला लावला आणि पुढे बघितलंच नाही, त्यांनी पालकांना चुकीचं सांगून परत पाठवलं असणार, आणि ते लेकरू हक्काच्या जागेला मुकलं तर ते वर्ष कोण भरून देणार?

सीझनमध्ये मी आरटीई पोर्टल रोज सकाळी उघडते, मुदतवाढ तिथे दिसते. आणि शंका असेल तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा, फोनवरचं उत्तर नंतर दाखवता येत नाही.