कलेमुळे माणसामाणसांतलं आणि निसर्गाशी तुटलेलं नातं खरंच जुळतं का?

जुळतं, असं मी ठामपणे म्हणेन, कारण आमच्या गावात ते डोळ्यांनी पाहिलंय.

मी अमरावती जिल्ह्यातला. गाडगेबाबा आमच्याकडचे. पूर्णेच्या काठी ऋणमोचनच्या यात्रेत लोक चिखलात घसरायचे, तेव्हा बाबा तिथे फावडं घेऊन राबले. पुढे तिथेच घाट उभा राहिला. कुठल्याही गावात गेले की आधी हातात खराटा घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनात ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, आणि उत्तर लोकांना मोठ्याने द्यावं लागे. माझ्या मते सगळी ताकद त्यात आहे. चारचौघांत स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर घरी गेल्यावरही पाठ सोडत नाही.

आता आमचं सांगतो. दोन मोहल्ल्यांच्या मधून नाला वाहतो. कचरा कोण टाकतं यावरून बोलणं बंद, लग्नाच्या पत्रिकाही बंद. 20 डिसेंबरला बाबांच्या पुण्यतिथीला एक कीर्तनकार आले. त्यांनी खंजेरी थांबवून विचारलं, "नाला कोनाचा व्हय?" सगळे ओरडले, "गावाचा!" "मंग कचरा कोनाचा?"

कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "माह्याबी घरचा हाय, महाराज." हशा झाला नाही. टाळ धरलेल्या पोरांनीसुद्धा माना खाली घातल्या.

सकाळी कीर्तनकार स्वतः टोपली घेऊन नाल्यात उतरले. पाठोपाठ आठ-दहा जण, दुपारपर्यंत दोन्ही मोहल्ल्यांतली पन्नासेक माणसं. गाळात प्लास्टिक इतकं घट्ट बसलं होतं की ओढताना फावड्याचा दांडा मोडला, आणि नवा दांडा पलीकडच्या मोहल्ल्यातून आला. गेली चार वर्षं ज्या घराशी आमचा अबोला होता, तिथून.

तुमच्या गावात काही करणार असाल तर भिंती रंगवून थांबू नका. भिंतीवरचं चित्र लोक आठ दिवस पाहतात, मग ते नजरेतून जातं. भारूड, कीर्तन, दंडार, जे तुमच्याकडे चालतं ते घ्या, तुमच्याच बोलीत घ्या, आणि प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं काम आधीच ठरवून ठेवा. कलाकार त्या कामात हवाच. तो रात्रीच निघून गेला तर लोकही घरी जातात.

आमच्या नाल्यात पावसाळ्यानंतर पुन्हा थोडा कचरा दिसतो. पण आता तो काढायला कधी उतरायचं, हे पलीकडचे लोक येऊन विचारतात.