एल्बोला वेल्डिंग मारावं की नवा घ्यावा?

प्रश्न : मालवणात माझी पर्यटकांची बोट आहे. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, धुरात समुद्राचं पाणी मिसळून दोन्ही मागून बाहेर पडतात. एक्झॉस्टचा, म्हणजे धुराच्या वाटेचा, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) एल्बो, तो वाकडा जोडपाइप, पाच सीझन चाललाय. बाहेरून गंजाचे पापुद्रे निघतात, जोडाशी पांढरा खार फुटलाय. पूर्वी इंजिन 2800 आरपीएम घ्यायचं, आता 2500 च्या वर जात नाही आणि काळा धूर ओकतं. मेस्त्री म्हणतो, ‘वेल्डिंग मारतो, मे महिना निघेल.’ मुलगा म्हणतो, नवाच आणा. कोणाचं ऐकू?

उत्तर : मुलाचं ऐका. मात्र कारण विचारलंत तर तो बहुतेक बाहेरचे पापुद्रे दाखवील, आणि पापुद्र्यांवरून काहीच ठरत नाही. बाहेरून भयाण दिसणारा बीड आतून शाबूत असतो आणि रंग मारून चकचकीत केलेला आतून चाळण झालेला असतो. एल्बो कुजतो तो आतून, नेमका जिथे खारं पाणी तापलेल्या धुराला भेटतं तिथे. उष्णता, मीठ आणि धुरातलं आम्ल, तिघं एकाच बोटभर जागेत. (2020 पासून आपल्याकडच्या डिझेलमधलं गंधक, ज्याचं जळून आम्ल होतं, 10 पीपीएमवर (दहा लाख भागांत 10) आलं, त्याआधी ते 50 होतं. आम्ल त्यामुळे कमी झालं असेल, मीठ आहे तेवढंच आहे.)

तुमच्या पत्रात मला खटकल्या त्या दोनच गोष्टी : पडलेले आरपीएम आणि जोडाशी फुटलेला खार. आरपीएम पडायला कारणं बरीच. आधी बोटीचा पाण्यातला पंखा आणि तळ बघा. कालवं धरली असली तरी इंजिन असंच रडतं आणि काळा धूर टाकतं. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बघा. ते स्वच्छ असतील तर बहुतेक एल्बोत काजळी आणि मीठ बसून वाट अरुंद झाली आहे, धूर तुंबतोय. खार मात्र एकच गोष्ट सांगतो. पाणी जिथून बाहेर यायला नको तिथून येतंय. कधी नुसतं गॅस्केट (जोडात बसणारी चकती) गेलेलं असतं, कधी जोडाचा चेहरा, म्हणजे ती चकती टेकते ती सपाट बाजूच, खाल्लेला असतो. एल्बो काढल्याशिवाय ते कळायचं नाही.

तेव्हा तो काढा. आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. तरी एखादा स्टड (नट बसतो तो आटेदार खुंट) तुटेलच, म्हणून हे काम पर्यटक जेटीवर उभे असताना काढू नका आणि नवं गॅस्केट हातात असल्याशिवाय पान्हा लावू नका. काढल्यावर टॉर्च घेऊन आत बघा. पाणी शिरतं त्या भोकाजवळ पेचकसाने जोर देऊन टोचा. पेचकस रुतला, खपली निघून खड्डा पडला, तर विषय संपला. हातोडीने हलकेच ठोकूनही बघा. आवाज खणखणीत आला तर बरं, बद्द आला तर तिथला बीड गेलाय. शेवटी एल्बोच्या दोन भिंतींमधल्या पाण्याच्या पोकळीची तोंडं बुचं मारून बंद करा, पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी धुराच्या बाजूला ओल दिसली, थेंबभर का होईना, तरी तो एल्बो पुन्हा चढवायचा नाही.

थेंबावर एवढा जोर का, तेही सांगतो. आतली भिंत इंजिनाच्या बाजूला फुटली, तर इंजिन बंद झाल्यावर पोकळीतलं पाणी उलटं वाहून उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी तुम्ही स्टार्टर मारता, पिस्टन वर येतो, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. एल्बोचे पैसे वाचवून इंजिन उतरवायची पाळी येते. सकाळी स्टार्टर ‘कट्’ करून अडकला, तर दुसऱ्यांदा मारू नका. इंजेक्टर काढा, हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, मग ऑइल बघा. ते दुधाळ झालं असेल तर बदलायचं.

मेस्त्रीचं वेल्डिंग मला म्हणूनच पटत नाही. तो बाहेरून मारणार, आणि रोग आत आहे. शिवाय खाल्लेल्या बिडावर वेल्डिंग धरत नाही, शेजारीच तडा जातो. भिंती शाबूत निघाल्या आणि नुसती काजळी असली, तर खरवडून, धुऊन, नव्या गॅस्केटवर पुन्हा बसवायला माझी हरकत नाही. पण खाऱ्या पाण्यात पाच सीझन झालेल्या एल्बोकडून मी फार आशा ठेवणार नाही. पावसाळ्यात प्रवासी बोटी बंद असतात, तेव्हा दरवर्षी तो उघडून बघायची सवय लावा.

प्रश्न : आमची मच्छीमारी नौका हर्णै बंदरात असते. एक्झॉस्ट सुका (धुरात पाणी मिसळत नाही), उभा पाइप केबिनमधून टपावर जातो. पाइपाला दोन ठिकाणी बारीक भोकं पडलीत. 1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की बदलू म्हणतो. चालेल?

उत्तर : भोकं टपाच्या वर असतील तर चालेल. तिथे पाणी इंजिनात जायचा धोका पावसापुरता, तोंडाला टोपी ठेवा आणि पट्टी मारून सीझन काढा. केबिनमध्ये असतील तर आजच बदला, बंदीची वाट बघू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि खलाशी तिथेच झोपतात. नवा पाइप घालताना जस्ताच्या मुलाम्याचा नळ वापरू नका. वेल्डिंगच्या वेळी त्याची वाफ छातीत जाते आणि इंजिनाजवळच्या तापात मुलामा टिकतही नाही. बिनमुलाम्याचा जाड काळा पाइप घ्या, वर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. आणि दर बंदीत ती पट्टी सोडून खालचा पाइप बघा, तिच्याखाली ओल धरून गंज चढतो.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलचा एल्बो बनवून घेतला तर कायमची कटकट मिटेल का? (देवगड)

उत्तर : कायमची नाही. 304 नंबरच्या स्टेनलेसचा तर बनवूच नका, खाऱ्या पाण्यात त्याला टाचणीएवढे खड्डे पडतात. 316एल जातीचं घ्या, पाइपाची जाडी कमी करू देऊ नका. तोही गरम खाऱ्या पाण्यात तडकतो, आणि तडकतो वेल्डिंगच्या सांध्याशी. बीड निदान गंजून आधी वर्दी देतो, स्टेनलेस वरून शेवटपर्यंत चकचकीतच दिसतं. तपासणी दोन्हींची सारखीच ठेवा.